यात सातबारा निंगते का?

१६ डिसेंबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका फुकट वस्तूची दोन पानी जाहिरात होती. फायरफॉक्स १.० हा ब्राउझर महिन्याभरापूर्वी, ९ नोव्हेंबरला, बाहेर पडला होता. तो बनवणाऱ्या मोझिला फाउंडेशनकडे जाहिरातीवर उधळायला पैसा नव्हता. तेव्हा चाहत्यांनीच वर्गणी काढली आणि सुमारे दहा हजार वर्गणीदारांची नावं बारीक टायपात त्या पानांवर छापून आली. या उत्साहाला कारण होतं. जगातल्या दहापैकी नऊ संगणकांवर तेव्हा मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर होता. त्याची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. स्पर्धकच उरला नाही म्हटल्यावर सुधारणा कुणासाठी करायची? मधल्या पाच वर्षांत व्हायरसनी आणि एकावर एक उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्यांनी लोकांना वैताग आणला होता.

फायरफॉक्सचा जन्म एका पराभवातून झाला. नेटस्केप हा एके काळचा लाडका ब्राउझर एक्स्प्लोररपुढे हरत चालला, तेव्हा कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केलं की आपण कोड सगळ्यांसाठी खुला करणार, आणि ३१ मार्चला तो खुला केलाही. खुला म्हणजे कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, त्यातून स्वतःचा ब्राउझर काढावा. त्या ढिगाऱ्यातून फायरफॉक्स १.० निघायला साडेसहा वर्षं लागली. त्यानंतर मात्र वर्षभराच्या आत, ऑक्टोबर २००५ पर्यंत, फायरफॉक्स दहा कोटी वेळा उतरवून घेतला गेला.

बुलढाणा जिल्ह्यात न्यूयॉर्कची ती जाहिरात कुणी पाहिली असेल, असं मानायचं कारण नाही. जिल्ह्याचे तेरा तालुके, दर पाच माणसांतली जवळजवळ चार खेड्यांत राहणारी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला अजून रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावकडून जातो, बुलढाणा शहर वर घाटावर राहतं. इथे संगणक घरोघरी आला नव्हता, तो आला एमएस-सीआयटीच्या वर्गातून. हा अभ्यासक्रम २००२ मध्ये सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्या-तालुक्याला केंद्रं निघाली. वर्गातल्या संगणकावर विंडोज असे आणि विंडोजवर निळा ‘ई’. ज्याने पहिल्यांदा माऊस धरला तो त्या ‘ई’वरच, त्याला ब्राउझर नावाची वेगळी वस्तू असते आणि ती बदलता येते, हे सांगायचं कुणी?

तरीही इथल्या काही जणांच्या संगणकावर फायरफॉक्स पोचला. मित्राच्या सीडीवरून आला, कॉलेजच्या लॅबमधून आला. आणि पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची एकच असणार: ‘यात मराठी दिसत नाही.’

ही तक्रार खरी होती आणि तरी फायरफॉक्सवर अन्याय करणारी होती. त्या काळात मराठी वृत्तपत्रांच्या साईटी आपापल्या खासगी फॉण्टमध्ये असत. म्हणजे संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉण्ट तुमच्याकडे असेल तर बातमी वाचता येई, नसेल तर पडद्यावर खिळे सांडल्यासारखा मजकूर. वाचकाने दर वर्तमानपत्राचा फॉण्ट वेगळा उतरवून घ्यावा, ही अपेक्षा गैरसोयीची होती. म्हणून अनेक साईटींनी मायक्रोसॉफ्टची सोय वापरली: पान उघडलं की फॉण्ट आपोआप येई. मात्र येई तो फक्त एक्स्प्लोररमध्ये. ती पद्धत वेबच्या सर्वमान्य प्रमाणांत नव्हती, आणि फायरफॉक्सने ती घेतली नाही. पुण्या-मुंबईच्या संपादकांनी वाचकाची सोय पाहिली आणि नकळत वाचकाला एका कंपनीच्या दावणीला बांधलं.

मोझिलाची मंडळी हे सोडवू शकत नव्हती, पण कोड खुला असल्याने बाहेरची माणसं सोडवू शकत होती. ‘पद्मा’ नावाचं एक जोड-सॉफ्टवेअर निघालं. ते मुळात तेलुगूसाठी होतं, नंतर इतर भारतीय लिप्यांपर्यंत गेलं. खासगी फॉण्टमधला मजकूर वाचता-वाचता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सर्वमान्य प्रमाणात, बदलून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. कंपनीला पत्र लिहायचं नाही, परवानगी मागायची नाही, अडचण ज्याची त्याने करवत घेऊन बसायचं. खुल्या कोडचा फायदा मला तरी त्या जाहिरातीपेक्षा या ‘पद्मा’त जास्त स्पष्ट दिसतो.

पुढची अडचण युनिकोडमधलीच. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्ये होता, ‘मनोगत’सारखी संकेतस्थळं २००४ पासून. इथे फॉण्टचा घोळ नव्हता, पण विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची जोडणी करणारा भाग मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एक चौकट टिचकवून, विंडोजची सीडी घालून तो चालू करावा लागे. एक्स्प्लोररचं त्यावाचून बरंचसं निभे, फायरफॉक्सचं निभत नसे. मग पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येई आणि जोडाक्षराचे तुकडे होऊन मध्ये हलन्ताचा पाय लोंबकळे.

बुलढाण्याच्या माणसाला हे कसं दिसत असेल, याची गंमत तालुक्यांची नावं समोर ठेवली की कळते. बुलढाणा, मेहकर, लोणार, खामगाव, शेगाव, मोताळा, नांदुरा, मलकापूर, देऊळगाव राजा, जळगाव जामोद: या दहा नावांत पहिली वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. ती सगळी सुखरूप. चिखली आणि सिंदखेड राजा वेलांटीपायी मोडणार, संग्रामपूर ‘ग्र’पायी. आणि ‘जिल्हा’ हा शब्द दोन्ही कारणांनी. जिजाऊंचं जन्मगाव धड लिहिता न येणाऱ्या ब्राउझरला इथे कोण बरं म्हणणार?

फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक खोड होती. परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत जुळवला असेल, छापील पुस्तकात असतो तसा, तर देवनागरीची अक्षरं सुटी पडत. मराठी आणि हिंदी ब्लॉग लिहिणारे यावर मनसोक्त चिडले. कुणी लेखकांनाच विनंती केली की बाबांनो, मजकूर डाव्या बाजूने लावा. १७ जून २००८ ला तिसरी आवृत्ती आली. एका दिवसात ती ८०,०२,५३० वेळा उतरवली गेली, गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला, आणि जगभरच्या बातम्या त्या आकड्याच्या होत्या. मराठी वाचकासाठी बातमी वेगळी होती: आतली मजकूर मांडण्याची यंत्रणा नव्याने लिहिली होती आणि दोन्ही बाजूंनी जुळवलेली देवनागरी आता जुळूनच राहत होती. मोझिलाची दोषांची नोंदवही उघडी असते. कुणी तक्रार केली, कुणी दुरुस्त केली, कधी केली, सगळं वाचता येतं. त्याच काळात पुण्यात काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉण्ट खुल्या परवान्याने दिले, आणि स्वयंसेवकांनी फायरफॉक्सच्या मेन्यूचं मराठी केलं. एक्स्प्लोररच्या बाबतीत मराठी माणूस फक्त वाट पाहू शकत होता.

त्याच २००८ च्या २ सप्टेंबरला गुगलचा क्रोम आला, आणि त्याचं स्वागत पाहिलं तर ब्राउझर हा लोकांच्या रागालोभाचा विषय झालेला दिसतो. कंपनीने तंत्रज्ञान समजावायला स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकथाकाराकडून ३८ पानांचं कॉमिक काढून घेतलं होतं. ते टपालाने ठरल्या दिवसाच्या आधीच पोचलं आणि बातमी फुटली. लोकांना वेग आवडला, आणि एक टॅब कोसळला तरी बाकीचे टिकतात, ही रचना आवडली. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी परवान्याचं अकरावं कलम वाचलं. ब्राउझरमधून तुम्ही जे लिहाल, पाठवाल ते वापरायचा कायमचा हक्क त्यात गुगलला दिलेला होता. ओरड झाली, ‘आमच्या दुसऱ्या सेवांच्या अटीच इथे चिकटवल्या गेल्या’ असा खुलासा आला आणि कलम बदललं. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने, हा अजून चाचणीतला ब्राउझर आहे, सरसकट वापरू नका, असं सांगितलं. लवकरच एका जर्मन कंपनीने क्रोमच्याच कोडमधून गुगलला माहिती पाठवणारे भाग काढून ‘आयर्न’ नावाचा ब्राउझर बाजारात आणला. हे करता आलं याचं कारण क्रोमखालचा पाया, क्रोमियम, खुला आहे. क्रोम हे त्यावर गुगलने चढवलेलं स्वतःचं बांधकाम, ते पूर्ण खुलं नाही. हा फरक विसरला की पुढचं काहीच समजत नाही.

सगळ्यात अवघडलेली प्रतिक्रिया मोझिलाची होती. त्यांच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग गुगलकडूनच येत होता, फायरफॉक्समधला शोध गुगलवर पाठवण्याबद्दल. क्रोम येण्याच्या जेमतेम काही दिवस आधी तो करार वाढवला गेला होता. ज्याच्या पैशावर चूल पेटते, त्यानेच समोर खानावळ टाकली.

आता या सगळ्याचं तालुक्याच्या गावी काय झालं? तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात, जिथे उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि सातबारा एकाच टेबलावर निघतात, तिथे वेगाच्या चाचण्या कुणी करत नाही. बाहेर माणसं ओळीत उभी असतात. नवा ब्राउझर टाकून पाहा म्हटलं तर टेबलामागचा पोरगा एवढंच विचारेल, ‘भाऊ, यात सातबारा निंगते का?’ हा प्रश्न अडाणी नाही. ब्राउझरची एवढी नेमकी परीक्षा घेणारा प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

कारण सरकारी साईटी एका ब्राउझरला धरून बांधलेल्या असत. ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उत्तम दिसेल’ ही ओळ कित्येक पानांच्या तळाशी असे. जगाने फायरफॉक्सचं कौतुक केलं ते पॉप-अप खिडक्या अडवतो म्हणून, आणि इथे पावती किंवा उतारा नेमका त्या वेगळ्या खिडकीतच उघडायचा. ब्राउझरने जाहिरात समजून तो गिळला की ओळीतला माणूस म्हणणार, ‘सर्व्हर डाऊन हाय वाटते.’ डिजिटल सहीचं दुखणं याहून मोठं. ई-निविदा भरणारा ठेकेदार, ग्रामपंचायतीचा सचिव यांची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, एका यूएसबी टोकनमध्ये असते. ब्राउझरने ते टोकन वाचायचं तर मध्ये जावा अॅपलेट नावाचा छोटा प्रोग्राम लागे, आणि अॅपलेट चालायला ब्राउझरमध्ये प्लगिनसाठीची एक जुनी खिडकी उघडी ठेवावी लागे. त्या खिडकीतून चोर शिरत होते, हेही खरं. क्रोमने ती एप्रिल २०१५ मध्ये मिटली आणि सप्टेंबरमध्ये पुरती बुजवली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केलं. सुरक्षेच्या जगात दोघांची वाहवा झाली. ज्यांची निविदा सायंकाळी पाचपर्यंत भरायची होती, त्यांनी जुना एक्स्प्लोरर जपून ठेवला. सहीसाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवायची पद्धत आली तेव्हा कुठे ही गाठ सुटू लागली. सेवा केंद्रातल्या संगणकावर दोन-तीन ब्राउझर दिसतात ते हौस म्हणून नव्हे. कुठली साईट कशात चालते, हे तिथल्या पोराला तोंडपाठ असतं आणि ते ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

सहीचा विषय निघालाच आहे तर जुलै २०१४ ची गोष्ट सांगायला हवी. ब्राउझर कुठल्या साईटवर विश्वास ठेवायचा हे प्रमाणपत्रं पाहून ठरवतो, आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या विश्वासू संस्थांची एक यादी त्याच्याकडे असते. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचं, म्हणजे सीसीएचं, मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं आणि विंडोजवरचा क्रोम तीच यादी वापरत होता. त्या महिन्यात गुगलला आढळलं की एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या प्रमाणन शाखेतून गुगलच्याच नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली आहेत. ती हाती असलेला माणूस खोटी साईट खरी म्हणून दाखवू शकतो. क्रोमने सीसीएवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता आवळला. फायरफॉक्सच्या वापरकर्त्यांना काहीच झालं नाही, कारण फायरफॉक्सची यादी स्वतंत्र आणि तिच्यात सीसीए नव्हतंच. तेव्हापासून आपली सरकारी मुळं आणि जगातले मोठे ब्राउझर यांच्यात अंतर आहे. ई-आधारच्या पीडीएफवर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह का दिसतं, असं विचारणाऱ्याला उत्तर याच जातीचं आहे: सही खरी आहे, पण वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत तिचं मूळ नाही.

खुल्या ब्राउझरने बुलढाण्याच्या खेड्यात शिरण्याचा खरा मार्ग मात्र संगणकाचा नव्हताच, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची फोनची प्रणाली काढली होती, तिच्यात सगळा फोनच एक ब्राउझर. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने तसा फोन भारतात १,९९९ रुपयांना आणला. समीक्षकांनी किमतीचं कौतुक केलं आणि मंदपणाला नावं ठेवली. लोकांना व्हॉट्सॲप हवं होतं, ते त्यात नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. अपयश म्हणून त्याची नोंद झाली. पण कोड खुला होता, तो उचलून कायओएस ही प्रणाली बनली, आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला, १,५०० रुपये अनामत घेऊन मिळणारा जिओफोन त्याच कायओएसवर निघाला. त्याच्या चिमुकल्या पडद्यावरचा मेन्यू, ॲप, वेबपान सगळं फायरफॉक्सचंच गेको इंजिन रंगवत होतं. बाजारात बटणांचा जिओफोन खिशात घालून फिरणारा शेतकरी मोझिलाचा वापरकर्ता होता. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं, ही त्याच्या दृष्टीने मोठी घटना.

टचस्क्रीनवाल्यांत तेव्हा यूसी ब्राउझर जोरात होता. डेटा कमी खातो, व्हिडिओ झटपट उतरवतो. तो खुला नव्हता, चिनी मालकीचा होता, आणि जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत गेला. त्याची जागा घ्यायला नव्याने काही शोधावं लागलं नाही. फोनसोबत आलेला क्रोम तिथेच होता.

क्रोम आज जिंकलेला आहे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून एज ब्राउझर क्रोमियमवर नेण्याचं जाहीर केलं, जून २०२२ मध्ये जुन्या एक्स्प्लोररला निरोप दिला. एज, ऑपेरा, ब्रेव्ह: दुकानं वेगळी, पीठ एकाच गिरणीचं. त्यामुळे पूर्वीचं दुखणं उलट्या बाजूने परत आलं आहे. सरकारी पानांवर आता ‘क्रोममध्ये उघडा’ असं लिहिलेलं सापडतं आणि फायरफॉक्स वापरणारा पुन्हा ओळीत मागे. खुल्या कोडचा विजय झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की कोड खुला असला तरी त्याची दिशा एकाच कंपनीत ठरत असेल तर ताबा सुटत नाही.

भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली, एकूण ३.४१ कोटींची. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. तिचा ‘उला’ हा ब्राउझर २०२३ पासूनच बाजारात आहे. प्रतिक्रिया दोन ठरलेल्या गटांत पडल्या. एकाला स्वदेशीचा अभिमान, दुसऱ्याला ‘क्रोमियमवर रंग मारला’ म्हणून हसू. उला क्रोमियमवर आहे हे खरंच. पण स्पर्धेच्या अटी वाचल्या तर दोघांच्याही नजरेतून निसटलेली गोष्ट दिसते: सीसीएचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या यादीत हवं, आणि टोकनवरची डिजिटल सही ब्राउझरमध्येच करता यायला हवी. या दोन अटी थेट सेवा केंद्रातल्या टेबलावरून उचलल्यासारख्या आहेत. त्या नीट पार पडल्या तर ब्राउझर कुणाच्या पायावर उभा आहे, याची फिकीर ग्रामपंचायतीत कुणी करणार नाही. मीही फारशी करणार नाही.

पाया मुळापासून नवा घालणारे विरळाच. अँड्रियास क्लिंग या स्वीडिश प्रोग्रामरने सुरू केलेला ‘लेडीबर्ड’ त्यांतला. जुलै २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था निघाली. कुणाच्या इंजिनाची उसनवारी नाही, शोधयंत्रांशी पैशाचा करार नाही, देणग्यांवर चालायचं. २०२६ मध्ये प्राथमिक आवृत्ती काढण्याचं उद्दिष्ट आहे, तीही लिनक्स आणि मॅकसाठी. विंडोजवर चालणारी आपली सेवा केंद्रं त्यात कुठेच नाहीत. ही टीका नाही, मूठभर माणसं कुठवर पुरणार? पण देवनागरी नीट दिसेल की नाही हे अशा प्रकल्पांत सुरुवातीच्या वर्षांतच ठरतं, आणि ते ठरवताना आपलं कुणी तिथे असतं की नसतं यावर.

म्हणून वाचकाला एक विनंती. नवा ब्राउझर हाती आला की त्यात मराठी विकिपीडियावरचं आपल्या जिल्ह्याचं पान उघडा, ‘सिंदखेड राजा’ आणि ‘संग्रामपूर’ टाइप करून पाहा, महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी साईटवर स्वतःचा उतारा काढून पाहा. काही मोडलं तर मित्रांच्या गटावर शिव्या घालून थांबू नका. फायरफॉक्स, क्रोमियम आणि लेडीबर्ड, तिघांच्याही चुकांच्या नोंदवह्या सगळ्यांना खुल्या आहेत. ब्राउझरची आवृत्ती, फॉण्टचं नाव आणि मोडलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट, एवढं जोडून तिथे नोंद करा. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं.